नागखांबावरचं रिकामं आसन

मैत्री, कबीर,

तुम्ही पाठवलेला व्हिडिओ मी दोनदा पाहिला. एकदा चष्म्याशिवाय, नुसता ऐकायला, आणि एकदा चष्मा लावून. त्यातला तरुण आपल्या पवनीच्या नागखांबासमोर उभा राहून सांगतो की नागाच्या पाच फण्यांमध्ये ताऱ्यांचा नकाशा आहे, हात जोडलेल्या माणसांच्या संख्येत गुप्तधनाची जागा आहे, आणि हा खांब फक्त पायाळू माणसालाच वाचता येतो. त्याच्याखाली कबीरने लिहिलंय, "आजी, तू पायाळू आहेस ना? मग तुला काय दिसतं?"

आहे. मी जन्मताना आधी पाय आले, मग डोकं. दाईने तेव्हाच अंगणात येऊन ते सगळ्यांना सांगितलं आणि त्या दिवसापासून माझे पाय माझ्या एकटीचे राहिले नाहीत.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर फोनवर दोन शब्दांत देता आलं असतं. पण ते मी साठ वर्षांत कुणालाच दिलेलं नाही, तुमच्या आईलाही नाही. आता तुम्ही दोघं डिसेंबरात येणार, मला त्या खांबासमोर उभं करून व्हिडिओ करणार म्हणता. त्याआधी तुम्हाला सगळं ठाऊक असलेलं बरं. शिवाय सध्या धानाची कापणी चालू आहे. खिडकी उघडली की ओल्या तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, वास घरात येतो, आणि त्या वासात मला दुसरं काही लिहिता येत नाही. मी पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगवेगळं ठेवायचा प्रयत्न करीन. वर्गात मुलींना मी हेच सांगत असे.

आधी खांब. तो वेशीतून नदीकडे जाणाऱ्या वाटेवर आहे, दोन पुरुष उंच, तांबूस दगडाचा. वरच्या भागात पाच फण्यांचा नाग, फणा छत्रीसारखा पुढे झुकलेला. त्याखाली, हात पोचेल इतक्या उंचीवर, एक चौकोनी आसन, वीतभर पुढे काढलेलं, कडेला गादीसारखी गोलाई. दोन्ही बाजूंना हात जोडून उभी माणसं. आणि आसनावर कोणीही नाही. व्हिडिओत दिसतं त्यापेक्षा ते जास्त रिकामं आहे, कारण भोवतीचे सगळे त्याच्याकडेच बघताहेत.

आता ऐकलेलं. राजा उठून नदीवर गेला आणि परत आलाच नाही, म्हणून त्याची जागा राखून ठेवली आहे, असं म्हातारे सांगत. पाचव्या फण्याचे डोळे मिटलेले आहेत, ते उघडले की वैनगंगा वेशीपर्यंत येईल, असं ढिवर सांगत. मासेमारी करणाऱ्यांनी पाण्याचंच सांगायचं. हात जोडलेली माणसं मोजू नयेत, असं सगळ्याच बाया सांगत. मोजणारीला दुसऱ्या खेपेला एक जास्त भरतं. मी तीनदा मोजली आहेत. किती भरली, ते इथे लिहीत नाही.

पण खरी गोष्ट, जी पोरांसमोर हळू आवाजात सांगितली जाई, ती वेगळी होती. नदी ज्यांना परत करत नाही, ती माणसं त्या आसनावर येऊन बसतात. सापडेपर्यंत. एका वेळी एकच. आणि ती फक्त पायाळूला दिसतात.

मी बारा वर्षांची होते. बाबा प्राथमिक शाळेत गुरुजी, माय लोकांच्या धानाच्या बांधीत कापणीला जायची. आम्ही बौद्ध होऊन काही वर्षं झाली होती. घरात तसबीर बदलली होती, गावात फारसं काही बदललं नव्हतं. त्या वर्षीची कापणी धुक्यात सुरू झाली. सकाळी बांध्या दिसत नसत, नुसता विळ्यांचा करकर आवाज येई, मग हळूहळू वाकलेल्या पाठी दिसू लागत. कापलेल्या धानाचे कडपे जमिनीवर ओळीने निजलेले असत. मला ते नेहमी पांघरूण नसलेल्या माणसांसारखे वाटत.

दिवसभर वाकून कुणाच्या तरी कमरेत चमक भरायचीच. मग मला बोलावणं. पायाळूने डाव्या पायाने तीनदा पाठीवर मारलं की चमक जाते, अशी समजूत. दणकट बाप्ये बांधावर पालथे पडत आणि मी फ्रॉक सावरून उभी राहत असे.

"सुमे, हलक्यानं मार व, बैलाले मारल्यावानी नको मारू!"

"बैल तरी काम करते," माय दुरून म्हणे, "हा तर सकाळपासून पडूनच हाये."

सगळे हसत. दौलत पाटलांच्या बांधीतही मी हे काम केलंय, खुद्द दौलत पाटलांच्या पाठीवरसुद्धा. मग तहान लागली की पाटलांच्या अंगणात उभी राहायची, ओंजळ करायची, आणि पाटलीणबाई वरून पाणी ओतायच्या. घागरीला माझा हात चालत नसे. पाठीला पाय चालत असे. त्या वयात मला यात काही विचित्र दिसलं नाही, हे आज सगळ्यात विचित्र वाटतं.

पाटलीणबाई म्हणजे सगुणाबाई. त्यांची एकुलती मुलगी कुसुम माझ्यापेक्षा वर्षाने मोठी, शाळेत एक वर्ग पुढे. भादव्यात मुलींबरोबर नदीवर गौर शिरवायला, म्हणजे विसर्जन करायला, गेली आणि पाण्यात पाय घसरला. बाकीच्या मुली ओरडत परत आल्या. ढिवरांनी आठ दिवस डोंगे फिरवले. कुसुम सापडली नाही. सगुणाबाईंनी तेरवी करू दिली नाही. "माही पोरगी सापडल्याबिगर जेवनं कायची घालता?" एवढंच त्या म्हणाल्या, आणि मग दिवाळी गेली, कापणी आली, तरी त्या घरात ती एक गोष्ट अर्धीच राहिली होती.

एक दिवस त्यांनी मला बोलावलं. मला वाटलं, पाठ दुखत असेल. त्या नदीच्या वाटेने निघाल्या, मी मागे. सकाळचे दहा वाजले असतील. धुकं नुकतंच उठलं होतं. खांबापाशी त्या थांबल्या, बाजूला सरकल्या, मला पुढे केलं.

"पाय, पोरी. नीट पाय. कोनी बसून हाये का?"

मी पाहिलं. मुलांनो, हे मी पाहिलेलं आहे, ऐकलेलं नाही. आसनावर एक काळी आकृती होती. मान खाली घातलेली, खांदे पुढे आलेले. कुणीतरी मांडीवर काहीतरी धरून बघत बसावं तशी.

"हाव," मी म्हटलं.

आज मला ठाऊक आहे ती काय होती. कापणीच्या दिवसांत सूर्य दक्षिणेला कललेला असतो आणि सकाळी दहाच्या सुमाराला पुढे झुकलेल्या फण्याची सावली नेमकी आसनावर पडते. पंधरा-वीस मिनिटं राहते. उन्हाळ्यात पडत नाही, पावसाळ्यात तर नाहीच. परवा मी रिक्षा करून मुद्दाम जाऊन आले. आता भोवती लोखंडी कठडा आहे, पाटी आहे. दहा वाजता ती बसली होती. सव्वादहानंतर उठून गेली. बघा, मीसुद्धा कशी लिहिते. ती नव्हे, सावली.

पण तो एक "हाव" मी केवळ सावलीमुळे म्हटला नाही. सगुणाबाईंचा चेहरा माझ्या इतक्या जवळ होता की नाही म्हणायला जागाच नव्हती. त्यांनी माझा हात धरला. हात. तो हात धरूनच त्यांनी मला घरात नेलं, उंबऱ्याच्या आत, आणि कुसुमच्या पाटावर बसवलं. कुसुमच्या ताटात दूध-गूळ-भात वाढला. पाण्याचा तांब्या माझ्या पुढ्यात ठेवला. मी तो स्वतः उचलून प्याले. पाणी तेच होतं, पण तांब्याच्या काठाला ओठ लावून पिताना ते निराळं लागलं.

दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. तिसऱ्या दिवशीही.

"आज काय करून राहिली माही बाई?"

"वेणी घालून राहिली."

"केस?"

"ओले हायेत."

कुसुमला वेणीचं टोक चावायची सवय होती, तेही मी सांगितलं. सगुणाबाई हसल्या आणि म्हणाल्या, "किती सांगतलं तिले, ऐकतच नाई!" त्या जेवू लागल्या होत्या. बारा दिवस हे चाललं. रोज तेच कसं सांगायचं, म्हणून मी रोज काहीतरी नवं घालत असे. एकदा त्यांनी विचारलं, "पाय दिसतात का तिचे?" मी म्हटलं, "दिसतात. एकाच पायात तोरडी हाये." का म्हटलं, कोण जाणे. दोन पायांत दोन तोरड्या म्हटल्या असत्या तर त्यात नवं काय होतं?

सगुणाबाईंनी हात पुढे करून आसनावर ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"गरम हाये," त्या म्हणाल्या. "तू लावून पाय."

मी हात लावला नाही. त्या दिवशी नाही, पुढेही कधी नाही. तुम्ही डिसेंबरात आलात की खुशाल लावा. मी कठड्याबाहेर उभी राहीन.

त्यानंतर मला खोटं बोलायची भीती वाटेनाशी झाली, आणि निराळीच भीती वाटू लागली. घरी आडवी पडले की उद्या काय सांगायचं ते मी ठरवायला लागे, पण ते आधीच ठरलेलं असल्यासारखं येई. कुसुम काय करत असेल, हे मी रचत नव्हते, मला आठवत होतं. सगुणाबाई आता मला कधीकधी "कुसे" म्हणत. एकदा मी ओ दिली.

दौलत पाटील बाबांकडे आले तेव्हा मी चुलीपाशी होते. ते अंगणातच उभे राहिले. आमच्या घरी ते कधी आलेच नव्हते.

"गुरुजी, तुमची पोरगी माह्या घरात मेलेलं मानूस बसवून ठेवून राहिली," ते म्हणाले. "बायको तेरवीचं नाव काढू देत नाई. दोन ताटं वाढते. मी रागावत नाई तुमच्यावर. पन माह्या पोरीले एकदाची जाऊ द्या."

बाबांनी त्यांना बसायला सांगितलं. ते बसले नाहीत. ते गेल्यावर आधी मायने तोंड उघडलं.

"लेकरानं पोटासाठी नाई केलं. त्या बाईची दया आली तिले."

"दया आली, ते समजलं," बाबा म्हणाले. "पाट आवडला, तेही समजलं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सुमन, त्यांच्या घरात बसायला तुले खोटं लागत असेल, तर तो पाट तुझा नाही. आपण पाट मागायचा, तो खरं बोलून."

मी रडले. मी विचारलं, "मग त्या आसनावर कोण हाये?"

बाबांनी त्या दिवशी मला खांब वाचून दाखवला, तिथे न जाता, चुलीपुढच्या राखेत बोटाने रेघा काढून. जुन्या काळचे कारागीर बुद्धाची मूर्ती कोरत नसत. झाड कोरत, पावलं कोरत, रिकामं आसन कोरत. बसणारा गेला, तो परत येणार नाही, आणि तरीही त्याच्यापुढे हात जोडता येतात, एवढंच त्यांना दाखवायचं होतं. बाबा म्हणाले, "दोन हजार वर्षांपूर्वी एका माणसानं छिन्नी घेऊन स्वच्छ लिहून ठेवलं की इथं कोणी नाही. आणि आपलं गाव तेव्हापासून तिथं माणसं बसवून राहिलं."

व्हिडिओतल्या त्या मुलाला कुणीतरी हे सांगायला हवं. अर्थ लपवलेला नव्हताच. उघड्यावर होता. तेवढाच कुणाला नको होता.

दुसऱ्या दिवशी मी खरं सांगायला निघाले. मायने वाटेतल्या गोठ्यात टाकायला तणसाचा भारा डोक्यावर दिला होता, दोन्ही हात त्याला धरलेले. धुकं इतकं दाट होतं की खांब समोर येईपर्यंत दिसला नाही. सगुणाबाई आधीच तिथे होत्या, पदर ओला झालेला. ऊन नव्हतं, म्हणून सावलीही नव्हती. आसन अगदी रिकामं होतं.

"पाटलीनबाई," मी म्हटलं, "कोनी नाई."

त्या माझ्याकडे वळल्या. मी मनाशी चार वाक्यं जुळवून आणली होती: कोणी नाही, मी खोटं बोलले, मला माफ करा, मी पुन्हा येणार नाही. त्यातलं पहिलंच बोलून झालं होतं. पुढचं यायच्या आत त्यांनी विचारलं,

"गेली?"

मी आयुष्यभर शिकवलं. हजारो प्रश्न विचारले, हजारो उत्तरं तपासली. पण त्या एका शब्दाइतका अवघड प्रश्न मला कुणी विचारला नाही. "नव्हतीच" म्हणाले असते, तर ते बारा दिवस, ती वेणी, ते हसणं, सगळं त्यांच्या हातून काढून घेतलं असतं, आणि मुलगी पुन्हा नदीत, कुठेही. "आहे" म्हणाले असते, तर त्या घरात दोन ताटं कायमची वाढली गेली असती. आणि बाबांना मी खरं बोलायचं कबूल केलं होतं.

"गेली," मी म्हटलं. हे खरं आहे की खोटं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

"कोनीकडं?"

हात भाऱ्याला होते. विचार न करता मी डावा पाय उचलला आणि अंगठ्याने दाखवलं. धुक्यात नदी दिसत नव्हती. नंतर कळलं की मी खालच्या वळणाकडे, बाभळींच्या झुडपाकडे पाय केला होता.

सगुणाबाईंनी त्या दिशेला हात जोडले. खांबावरची माणसं जोडतात तसे. मग म्हणाल्या, "जा व सुमन, घरी जा. भारा जड असन." कुसे म्हणाल्या नाहीत.

घरी आले तर बाबा दारातच उभे. "सांगितलंस?" मी मान हलवली. नेमकं काय सांगितलं, ते त्यांनी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. हे तेवढं एक खोटं माझ्याकडे राहून गेलं.

पौषात पाणी उतरलं तेव्हा एक ढिवर खालच्या वळणावर जाळं सोडवायला गेला. बाभळीच्या मुळांत ते अडकलं होतं. मुळांतच चांदीची एक तोरडी निघाली. एकच. सगुणाबाईंनी ती ओळखली.

आता हेही नीट मांडते. त्या वळणावर पुराबरोबर आलेलं सगळंच अडकतं: भोपळे, ओंडके, मेलेल्या शेळ्या. गावातल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं, म्हणजे मलाही असणार. मी रोज पाहत होते त्या वळणाकडे, नकळत पाय तिकडे गेला. आणि एकच तोरडी सापडली, यावरून दुसरी कुठे राहिली, ते सिद्ध होत नाही. हे स्पष्टीकरण बरोबर आहे. मी ते साठ वर्षं तपासलंय, त्यात चूक नाही. फक्त कापणीच्या दिवसांत, धुक्याच्या सकाळी, ते मला पुन्हा एकदा स्वतःला सांगावं लागतं.

पाटलांनी तेरवी केली. आम्हाला जेवायला बोलावलं. आम्ही इतरांबरोबर एका पंगतीत बसलो का, असं तुम्ही विचाराल. नाही. आमची पंगत अंगणात, वेगळीच मांडली होती. बाबा जेवले नाहीत, नुसते बसून राहिले. सगुणाबाई वाढायला बाहेर आल्या, पण कुसुमच्या ताटाबद्दल किंवा खांबाबद्दल त्यांनी माझ्याशी पुन्हा चकार शब्द काढला नाही. माणसं एका गोष्टीने बदलत नाहीत. मी तसं लिहिलं तर ते खोटं होईल, आणि माझा खोट्याचा वाटा संपलेला आहे.

मात्र निघताना त्यांनी माझ्या हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी दिलं. "तिच्या वर्गाले औंदा इंग्रजी सुरू झालं होतं," त्या म्हणाल्या. "तुह्या वर्गाले पुढच्या सालात येईन. ठेव. घरात ठेवून काय करू?"

त्या गेल्या त्याला आता कितीतरी वर्षं झाली. दौलत पाटील त्यांच्याही आधी गेले. त्यांच्या बांध्यांवर आता घरं आहेत, आणि खाली धरण झाल्यापासून नदीचं ते वळण बाराही महिने पाण्याखाली असतं, बाभळीही नाहीत. बाबा नाहीत, माय नाही.

कुसुमचं इंग्रजीचं पहिलं पुस्तक माझ्या कपाटात आहे. पहिल्या पानावर तिने शाईने लिहिलेलं तिचं नाव आहे, त्याखाली मी माझं कधी लिहिलं नाही. सातव्या धड्यापर्यंत शब्दांचे अर्थ तिच्या अक्षरात आहेत. आठव्यापासून पुढचे माझ्या.